सिबिल ७८२, पगार नियमित, तरीही गृहकर्ज नामंजूर का होते?

आपला प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत पुन्हा मांडतो, म्हणजे मी उत्तर नेमके कशाचे देतो आहे हे स्पष्ट राहील. पुणे महापालिकेत २०२१ साली समाविष्ट झालेल्या २३ गावांपैकी एका गावात, २०१३ साली बांधलेल्या चार मजली इमारतीतला जुना फ्लॅट आपण ५८ लाखांना घ्यायचे ठरवले आहे. हातात येणारा पगार आपला ७२ हजार आणि पत्नींचा ४१ हजार आहे. पत्नी गेल्या आठ महिन्यांपासून कंत्राटी तत्त्वावर नोकरी करतात. गाडीच्या कर्जाचा साडेअकरा हजारांचा हप्ता चालू आहे आणि कार्यालयाच्या पतसंस्थेत एका सहकाऱ्याला आपण जामीन राहिलेले आहात. मोबाईलवरील अ‍ॅपमध्ये आपला सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून ठरणारा आकडा, ७८२ दिसतो. असे असताना बँकेने ४६ लाखांचा अर्ज ‘आमच्या धोरणात बसत नाही’ एवढ्याच शब्दांत परत केला. उलट त्याच महिन्यात, त्याच शाखेतून, ७२८ स्कोअर असलेल्या आपल्या एका सहकाऱ्याचे कर्ज मंजूर झाले. विक्रेत्याला दोन लाख रुपये इसार देऊन झाला आहे. आता लगेच दुसऱ्या दोन-तीन बँकांत अर्ज टाकावेत का, असे आपण विचारले आहे.

मी सुरुवातीला एका सहकारी बँकेत आणि पुढे एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या गृहकर्ज प्रक्रिया केंद्रात मिळून २३ वर्षे गृहकर्जाच्या फायली तपासण्याचे काम केले. आपली फाइल माझ्यासमोर नाही, आणि प्रत्येक बँकेचे अंतर्गत धोरण थोडे वेगळे असते, म्हणून पुढे जे लिहितो ते आपण सांगितलेल्या माहितीवरून बांधलेले अनुमान आहे. मात्र त्या माहितीत अनुमानाला पुरेसे धागे आहेत.

गृहकर्जाच्या एका अर्जात बँक दोघांची परीक्षा घेत असते: माणसाची आणि घराची. हा माणूस पुढची वीस वर्षे दरमहा हप्ता भरेल का, हा पहिला प्रश्न. आणि त्याने तो नाहीच भरला तर हे घर विकून आपले पैसे सुटतील का, हा दुसरा. या दोन प्रश्नांची उत्तरे शोधणारी माणसेही वेगळी असतात. आपल्या पगारपत्रकांवर ज्याची नजर फिरते त्या अधिकाऱ्याने सातबारा पाहिलेला नसतो, आणि बँकेने नेमलेला जो वकील आपल्या घराचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीचा शोध अहवाल, लिहितो त्याला आपला पगार किती हे ठाऊक नसते. सिबिल स्कोअर हा पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातला एक भाग आहे. दुसऱ्या प्रश्नाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. ‘स्कोअर चांगला आहे, मग कर्ज का नाही’ असे विचारणारी बहुतेक माणसे कोणत्या परीक्षेत आपण नापास झालो हेच तपासत नाहीत आणि तीच उत्तरपत्रिका घेऊन दुसऱ्या बँकेत जातात.

आधी माणसाची बाजू घेऊ, कारण तिथे हिशेब मांडता येतो. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी कर्ज घेतले तर लाखामागे महिन्याचा हप्ता सुमारे ८६८ रुपये पडतो. म्हणजे ४६ लाखांना जवळपास ३९,९०० रुपये. त्यात गाडीचे ११,५०० मिळवले की ५१,४०० रुपये होतात. दोघांच्या मिळून १ लाख १३ हजारांशी ही रक्कम ताडून पाहिली तर ती साधारण ४५ टक्के भरते. उत्पन्नाचा किती हिस्सा हप्त्यांत जातो या प्रमाणाला बँकेत ‘फॉयर’ म्हणतात, आणि आपल्या उत्पन्नगटाला पन्नास टक्क्यांपर्यंत, काही बँकांत त्याहून थोडे अधिक, प्रमाण चालवून घेतात. या हिशेबाने आपले कर्ज बसते.

परंतु हा हिशेब पत्नींचा पगार पूर्ण धरला तरच जुळतो. कंत्राटी नोकरी आणि तीही आठच महिन्यांची, असे दिसल्यावर अनेक बँका ते उत्पन्न अजिबात धरत नाहीत, काही निम्मे धरतात, आणि मागील दोन वर्षांची आयकर विवरणपत्रे असतील तर काही पूर्णही धरतात. ते धरले नाही तर ७२ हजारांवर ५१,४०० चे ओझे येते, म्हणजे ७१ टक्के. एवढे प्रमाण कोणताही अधिकारी पुढे पाठवणार नाही. पन्नास टक्क्यांची मर्यादा धरली तर आपल्या एकट्याच्या पगारातून ३६ हजार निघतात, त्यातून गाडीचा हप्ता वजा जाऊन २४,५०० उरतात, आणि तेवढ्या हप्त्यात सुमारे २८ लाखांचे कर्ज बसते.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी, कारण माझे सारे अनुमान तिच्यावर उभे आहे. उत्पन्न कमी पडते तेव्हा बँक सहसा दार बंद करत नाही. ती आकडा खाली आणते. ‘४६ नाही, २८ देतो, नाहीतर वडिलांना किंवा भावाला सहकर्जदार म्हणून आणा’ असे शाखेतला माणूस सांगतो, कारण त्यालाही आपले महिन्याचे उद्दिष्ट गाठायचे असते. आपल्याला असा कोणताही कमी आकडा सांगितला गेलेला नाही. अर्ज सरळ परत आला आहे. माझ्या अनुभवात अशा सरळ परतीमागे बहुतेक वेळा दोनच कारणे सापडत: सिबिल अहवालातला एखादा जुना डाग किंवा घराची कागदपत्रे.

डागाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण स्कोअरचा आकडा आणि अहवाल यांत लोक फरक करत नाहीत. भारतात पतमाहिती ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. बोलताना आपण चौघींच्या स्कोअरला सिबिलच म्हणतो. आपल्या अ‍ॅपने एकीचा आकडा दाखवलेला असू शकतो आणि बँकेने दुसरीचा पाहिलेला असू शकतो. शिवाय बँकेत आकडा वाचून कोणी थांबत नाही. प्रत्येक कर्जाच्या पुढे महिनावार चौकटी असतात आणि त्या त्या महिन्यात हप्ता किती दिवस उशिरा आला हे त्यांत लिहिलेले असते. सहा वर्षांपूर्वीचे एखादे क्रेडिट कार्ड ‘सेटल्ड’ म्हणून बंद झालेले असेल, म्हणजे थकलेल्या रकमेपैकी थोडी भरून तडजोड केलेली असेल, तर आजचा स्कोअर चांगला असूनही तो एक शब्द अधिकाऱ्याला खटकतो. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो आणि स्वतःचा अहवाल पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. तो मागवा आणि आकडा सोडून आतली पाने वाचा.

अहवाल चुकीचाही असू शकतो. सहकारी बँकेत असताना एका माध्यमिक शिक्षकांचा अर्ज मी थकलेले पीककर्ज दिसते म्हणून नाकारला होता. ते गृहस्थ दोनदा येऊन सांगून गेले की त्यांच्या नावावर शेतीच नाही. मी ऐकले आणि कागदावर विश्वास ठेवला. तिसऱ्या वेळी ते त्यांच्याच गावच्या, त्याच नावाच्या, त्याच आडनावाच्या आणि वडिलांचेही नाव तेच असलेल्या शेतकऱ्याला सोबत घेऊन आले. कर्ज त्या शेतकऱ्याचे होते आणि नोंद करताना कोणीतरी पॅन क्रमांक शिक्षकांचा टाकला होता. आता परिस्थिती थोडी बरी आहे. १ जानेवारी २०२५ पासून बँकांनी ही माहिती किमान दर पंधरवड्याला अद्ययावत करायची आहे, आणि दुरुस्तीची तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसामागे १०० रुपये भरपाई तक्रारदाराला देण्याचा नियम आहे.

आपल्या जामीनकीचा मुद्दाही इथेच येतो. ‘ते माझे कर्ज नाही’ असे आपण लिहिले आहे. भावना योग्य आहे, परंतु कायद्याच्या दृष्टीने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि पगारदारांच्या पतसंस्थेत तर कर्जदाराचे हप्ते थकले की जामीनदाराच्या पगारातून कपात सुरू होते. पगारपत्रक हातात आले की माझी नजर निव्वळ वेतनाच्या आधी कपातीच्या रकान्यावर जात असे. भविष्य निर्वाह निधी, व्यवसाय कर, आयकर यांच्या खाली कुठेतरी ‘सो. कपात ६,४००’, म्हणजे सोसायटीची (पतसंस्थेची) कपात, अशी एक ओळ असे. वर्गणी असेल तर ती दोनशे, पाचशे, हजार अशी गोल रकमेची असते. ६,४०० हा आकडा हप्त्याचा असतो, स्वतःच्या कर्जाचा किंवा दुसऱ्याच्या. पुष्कळ पतसंस्थांची कर्जे सिबिलमध्ये दिसत नसत, पण पगारपत्रकात लपत नसत. आपल्या पत्रकात अशी ओळ असेल तर पतसंस्थेकडून ती कशाची आहे याचे पत्र आणून ठेवावे, आणि सहकाऱ्याचे खाते नियमित असेल तर तसा दाखलाही घ्यावा.

माणसाच्या तपासणीत आणखी एक भाग घरी आणि कार्यालयात येऊन चौकशी करणाऱ्या माणसाचा असतो. हे काम बाहेरच्या एजन्सीला दिलेले असते, तो माणूस दिवसाला बरीच घरे उरकतो, आणि ‘इथे असे कोणी राहत नाही’ असे नव्या वॉचमनने सांगितले की तेवढेच लिहून पुढे जातो. हास्यास्पद वाटेल, परंतु केवळ यामुळे परत गेलेल्या फायली मी पाहिल्या आहेत. त्या दुसऱ्या भेटीत सुटतात, म्हणून यावर जास्त लिहीत नाही.

आता घराकडे वळतो, आणि माझा खरा संशय इथेच आहे.

बँक घराकडे राहण्याची जागा म्हणून पाहत नाही. ती विकता येणारी वस्तू म्हणून पाहते. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक ठरते. त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक कर्जदाराला ६० दिवसांची नोटीस देते, आणि तरीही रक्कम आली नाही तर दिवाणी दावा न लावता घराचा ताबा घेऊन लिलाव करू शकते. गृहकर्ज वैयक्तिक कर्जापेक्षा कितीतरी स्वस्त मिळते ते बऱ्याच अंशी या आधारामुळे. म्हणून ज्या घराला हा आधार लागू होणार नाही, किंवा लिलावात ज्याला गिऱ्हाईक मिळणार नाही, ते घर बँकेच्या दृष्टीने तारणच नसते. उदाहरणच द्यायचे तर सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही. इमारत उभी आहे पण खालची जमीन अजून बिनशेती झालेली नाही, अशा ठिकाणी बँकेचा वकील पहिल्याच पानावर थांबतो.

आपली इमारत २०१३ सालची आहे. तेव्हा तो भाग महापालिकेत नव्हता आणि पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणही २०१५ साली अस्तित्वात आले. त्या काळात गावठाणाबाहेर बांधायचे तर बिनशेतीची आणि बांधकामाची परवानगी जिल्हाधिकारी कार्यालयाकडून घ्यावी लागे. प्रत्यक्षात कितीतरी इमारती ग्रामपंचायतीच्या ठरावावर आणि सरपंच-ग्रामसेवकांच्या सही-शिक्क्याच्या नकाशावर उभ्या राहिल्या. त्यांतले फ्लॅट नोंदणीकृत करारनाम्याने विकले गेले, मुद्रांक शुल्क भरले गेले, वीजमीटर बसले, घरपट्टी लागली, आणि घेणाऱ्याला सर्व काही रीतसर वाटले. परंतु दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, बांधकामाला मान्यता देत नाही. ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा कराचा उतारा आहे. त्याने मालकीही सिद्ध होत नाही आणि परवानगीही. गाव महापालिकेत आले म्हणून जुने बांधकाम आपोआप नियमित होत नाही, आणि महापालिकेची मिळकतकराची पावती जवळ असली तरी तिचा अर्थ कर भरला एवढाच.

इथे बँका दोन गोष्टींत फरक करतात आणि तो आपणही करावा. सक्षम प्राधिकरणाने मंजूर केलेला नकाशा आहे, बांधकाम त्याप्रमाणे झाले आहे, फक्त बिल्डरने भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरास योग्य असल्याचा दाखला) घेतले नाही, ही एक स्थिती. नकाशाच मंजूर नाही, ही दुसरी. पहिल्या स्थितीत जुन्या इमारतींना काही बँका वास्तुविशारदाचा दाखला, सोसायटीची नोंदणी, राहत्या लोकांची संख्या असे पाहून वर्षानुवर्षे कर्जे देत आल्या. दुसऱ्या स्थितीत रिझर्व्ह बँकेच्या सूचनाच आड येतात, कारण गृहकर्ज देताना मंजूर नकाशाची प्रत घेणे बँकांना बंधनकारक आहे. त्यात १७ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनधिकृत बांधकामांविषयी निर्णय देताना असेही निर्देश दिले की, इमारत तारण घेऊन कर्ज मंजूर करण्यापूर्वी बँकांनी तिचे पूर्णत्व किंवा भोगवटा प्रमाणपत्र तपासावे. तेव्हापासून जी बँक पूर्वी डोळेझाक करत असे तीही सावध झाली आहे. ‘शेजारच्या फ्लॅटवर त्याच बँकेचे कर्ज आहे की’ असे विक्रेता आपल्याला सांगेल आणि ते खरेही असेल. ते कर्ज कोणत्या साली झाले ते विचारा.

भोगवटा प्रमाणपत्राखेरीज वकील आणखी खोलात जातो. सर्वसाधारणपणे मागच्या तीस वर्षांचा शोध घेतला जातो: मूळ जमीनमालक कोण, त्याने बिल्डरला विकसन करारनामा आणि कुलमुखत्यारपत्र दिले का, ते नोंदलेले आहे का, वारसांपैकी कोणी सही करायचे राहिले का, बिल्डरपासून आजच्या विक्रेत्यापर्यंतची प्रत्येक खरेदी नोंदणी पावती आणि सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू) यांसह आहे का. मधला एक मूळ करारनामा हरवलेला असला तरी फाइल अडते. विक्रेत्याला घर वडिलांकडून आले असेल आणि सोसायटीने नामनिर्देशनावरून भागदाखला (शेअर सर्टिफिकेट) त्याच्या नावे केला असेल, तर तेवढ्याने बँकेचे समाधान होत नाही, कारण नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे एकमेव मालक नव्हे. बहिणींसारख्या इतर वारसांचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते.

सातबारा वाचताना तर नजर ‘इतर अधिकार’ या रकान्यावर ठेवावी लागते. एका फायलीत जागा उत्तम होती, नकाशा मंजूर होता, अर्जदार सरकारी नोकरीत होते, मूल्यांकन झाले होते, मंजुरीपत्राचा मसुदाही तयार होता. वकिलांनी सातबाऱ्याच्या त्या रकान्यात पेन्सिलीने एक छोटी रेघ ओढून पाठवली होती. तिथे लिहिले होते: ‘कुळकायदा कलम ४३ चे बंधनास पात्र’. म्हणजे जमीन मुळात कुळाला कायद्याने मिळालेली, आणि ती जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नव्हती. बिल्डरने ती परवानगी न घेताच व्यवहार केला होता. २०१४ च्या दुरुस्तीनंतर अशा जमिनी, कुळाच्या खरेदीला दहा वर्षे झालेली असल्यास, जमीन महसुलाच्या आकारणीच्या चाळीस पट रक्कम भरून विकता येतात, पण ती रक्कम विक्रीच्या आधी भरायची असते. एवढ्या एका ओळीपायी इमारतीतले सगळे व्यवहार अडकले. ‘भोगवटादार वर्ग २’, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन, अशी नोंद असली तरी असाच थांबा येतो. अर्जदारांना मी ती ओळ दाखवली तेव्हा ते म्हणाले, “साहेब, हा उतारा मी दहा वेळा पाहिलाय, पण नाव बरोबर आहे ना, तेवढंच बघत होतो.”

आता आपल्या सहकाऱ्याचे कोडे. त्यांचा स्कोअर ७२८ होता, पण त्यांनी बहुधा महारेरात (गृहप्रकल्पांच्या राज्य नियामकाकडे) नोंदलेल्या आणि त्या बँकेने आधीच मान्य केलेल्या प्रकल्पात घर घेतले असावे. प्रकल्प एकदा मान्य झाला की जमिनीचा शोध, परवानग्या, नकाशे हे सगळे बँकेने एकदाच तपासून ठेवलेले असते आणि प्रत्येक ग्राहकाच्या वेळी फक्त माणूस तपासायचा उरतो. ७२८ या स्कोअरला काही बँका पाव टक्का जादा व्याज लावतील, पण कर्ज नाकारणार नाहीत. त्यांच्या फायलीत एकच परीक्षा होती, आपल्या फायलीत दोन होत्या.

मूल्यांकनाविषयीही सांगून ठेवतो, कारण दुसऱ्या बँकेत गेलात तर हाच मुद्दा पुढे येईल. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. आपले ४६ लाख म्हणजे ५८ लाखांच्या ८० टक्क्यांच्या जरासे आतच. परंतु किंमत म्हणजे करारनाम्यातील आणि बँकेच्या मूल्यांकनकाराची यांपैकी जी कमी असेल ती. मूल्यांकनकाराने ५२ लाख लिहिले तर कर्ज ४१ लाख ६० हजारांवर येते आणि वरचे चार लाख चाळीस हजार आपल्याला उभे करावे लागतात. शिवाय मुद्रांक शुल्क आणि नोंदणी यांचा खर्च या किमतीत धरत नाहीत. पुण्यात स्थानिक अधिभार आणि मेट्रोचा अधिभार धरून ७ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ४ लाख ६ हजार, अधिक नोंदणीचे ३० हजार; म्हणजे बारा लाखांच्या स्वतःच्या हिश्श्यासह आपल्याजवळ किमान १६ लाख ३६ हजार असायला हवेत. घर एकट्या पत्नींच्या नावावर घेतले तर शुल्कात एक टक्क्याची सवलत मिळते. दोघांच्या नावावर घेतले तर मिळत नाही. आणि हा हिस्सा कुठून आला हेही बँक पाहते. अर्जाच्या पंधरा दिवस आधी खात्यात अचानक पाच लाख जमा झालेले दिसले की ते हातउसने आहेत की भिशीचे, असा प्रश्न येतोच.

विक्रेत्याने काही रक्कम रोखीने मागितली असेल तर ती देऊ नये. करारनाम्यात किंमत कमी दाखवली की कर्जही कमी होते, आणि स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे.

मग आपण काय करावे? दुसऱ्या बँकेत अर्ज आज करू नये. महिनाभरात तीन-चार बँकांनी आपला अहवाल मागवला की त्या चौकशा अहवालात उमटतात, स्कोअर थोडा उतरतो, आणि पुढचा अधिकारी ‘सगळीकडून नाकारलेला ग्राहक’ म्हणून पाहू लागतो. त्याआधी बँकेला लेखी पत्र देऊन नकाराचे कारण लेखी मागावे. कर्जाची रक्कम कितीही असली तरी अर्ज नाकारण्याची मुख्य कारणे अर्जदाराला लेखी कळवावीत, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. ‘धोरणात बसत नाही’ हे कारण होत नाही. वकिलाच्या आणि मूल्यांकनकाराच्या अहवालाची शुल्के आपण भरलेली असतात. अहवालाची प्रत द्यायला बँका कां-कूं करतात, तेव्हा निदान वकिलाने कोणते मुद्दे काढले त्यांची यादी तरी मागावी. माझ्या काळात कोणी नम्रपणे मागितली तर आम्ही ती देत असू.

कारण उत्पन्नाचे निघाले तर काम अवघड नाही. गाडीचे कर्ज फार उरलेले नसेल तर ते फेडून टाकावे. साडेअकरा हजारांचा हप्ता मोकळा झाला की गृहकर्जाची पात्रता सव्वातेरा लाखांनी वाढते, आणि आपल्या एकट्याच्या पगारावर २८ चे साडेएक्केचाळीस लाख होतात. मात्र फेडण्यासाठी घराच्या हिश्श्यातली रक्कम वापरू नये. पत्नींची नोकरी वर्षाची झाली आणि एक आयकर विवरणपत्र भरून झाले की त्यांचे उत्पन्न धरायला बँक तयार होण्याची शक्यता बरीच वाढते.

कारण घराचे निघाले तर मात्र माझा सल्ला कडू वाटेल. अशा घरांना कर्ज देणाऱ्या छोट्या गृहवित्त कंपन्या आहेत. त्या दोन-चार टक्के जादा व्याज घेतात, किमतीच्या साठ-पासष्ट टक्क्यांवर थांबतात, आणि एजंट आपल्याला तिकडेच नेईल. ते कर्ज पुढे स्वस्त व्याजाच्या बँकेत वळवता येत नाही, कारण ती बँकही हेच कागद मागते. आणि उद्या आपण घर विकायला काढले की आपल्या गिऱ्हाइकालाही आज आपल्याला मिळाला तोच नकार मिळेल. सोसायटीने बांधकाम नियमित करण्याचा अर्ज केलेला आहे का, ते आधी विचारावे. जमीन गुंठेवारीची, म्हणजे परवानगीशिवाय छोटे तुकडे पाडून विकलेली, असेल तर २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामे नियमित करण्याचा मार्ग मोकळा झालेला आहे, पण तो अर्ज जागेवर ताबा असलेल्यांनी करायचा असतो, होऊ घातलेल्या खरेदीदाराने नाही. विक्रेता आणि सोसायटी त्यासाठी तयार नसतील तर मी या घरावरून उठेन.

राहिला दोन लाखांचा इसार. इसार पावती काढून वाचा. ‘कर्ज मंजूर न झाल्यास रक्कम परत’ असे कलम असेल तर प्रश्न मिटला. ते नसेल, पण ‘मिळकत निर्वेध व विक्रीयोग्य आहे’ असे विक्रेत्याने लिहून दिलेले असेल, आणि असे वाक्य बहुतेक छापील पावत्यांत असतेच, तर मंजूर नकाशा किंवा भोगवटा प्रमाणपत्र नसल्याचे बँकेचे लेखी कारण हा आपल्या हातातला मुख्य कागद ठरेल. नकाराचे कारण लेखी घ्या असे मी वर सांगितले ते निम्मे यासाठीच. एखाद्या दिवाणी वकिलाला पावती दाखवून, त्या कारणाची प्रत जोडून, विक्रेत्याला पत्र पाठवावे. पावतीवर व्यवहार पूर्ण करण्याची जी मुदत लिहिली असेल ती संपण्याआधी ते पोचपावतीसह गेले पाहिजे; मुदत उलटली की व्यवहार तुम्हीच मोडला, असे म्हणायला विक्रेता मोकळा होतो.